दिवसभर सारंगी

माझी आई कधीच “किती वाजले?” असं विचारत नाही. “काय लागलंय?” असं विचारते. आता ती नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं, आणि तिच्या उशाशी असलेल्या तळहाताएवढ्या रेडिओवर हल्ली दिवसभर एकच प्रकार चालतो: गाणं, बडबड, जाहिरात, पुन्हा गाणं. त्यावरून वेळ ओळखणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. तरी सकाळी डोळे उघडले की तिचा पहिला प्रश्न तोच. माझी नात तिला ‘बडी आजी’ म्हणते. ती परवा वैतागून म्हणाली, “बडी आजी, सीधे टाइम पूछो ना! रेडियो से कुछ पता नहीं चलता.”

“टाइम विचारून काय करू?” आई म्हणाली. “मला कुठे गाडी पकडायची आहे?”

नात हसली. मला हसू आलं नाही. मी उठले आणि चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. का गेले, ते सांगायचं तर आमच्या जुन्या रेडिओपासून सुरुवात करायला हवी.

बाबा एका सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. बदली होऊन आम्ही महाराष्ट्रातून झाशीला आलो तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. कंपनीच्या क्वार्टर्स अजून बांधून व्हायच्या होत्या, म्हणून खंडेराव गेटजवळ एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली घरमालकीण राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची, म्हणून आम्हीही अम्मा म्हणायला लागलो. सामानाचा ट्रक आला त्यात आमच्या भिंतीवरच्या घड्याळानं प्राण सोडला होता. आईनं ते दुरुस्तीला टाका म्हणून पुष्कळदा सांगितलं. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. “घरात रेडिओ असताना घड्याळाचे लाड कशाला? घड्याळ मागं पडतं, पुढं जातं. रेडिओ चुकला असं कधी ऐकलंयस?” त्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांच्याबरोबर कंपनीत जायचं. म्हणजे बाबा सकाळी निघाले की संध्याकाळी परत येईपर्यंत आमच्या घरात वेळ सांगणारी एकच वस्तू उरायची, ती म्हणजे जाळीच्या तोंडाचा, हिरव्या डोळ्याचा तो रेडिओ.

बाबा हाडाचे ड्राफ्ट्समन. त्यांनी एका ड्रॉइंग शीटवर रेडिओचं वेळापत्रक काढलं. डाव्या रकान्यात कार्यक्रम, उजव्या रकान्यात त्या वेळी घरात काय व्हायला हवं ते काम. अक्षर असं की छापलंय असं वाटावं. वेळेचे आकडे मात्र त्यात नव्हते, कारण ते बघायला घरात घड्याळच नव्हतं. शीट रेडिओच्या वर भिंतीला लावली आणि आई कित्येक वर्षं तिच्यावर बिनबोभाट घर चालवत राहिली.

पहाटे रेडिओ सुरू होताना वाजणारी ती धून अजून मला कधीकधी अर्धवट झोपेत ऐकू येते. ती लागली की बाबा उठायचे. सनई म्हणजे दाढी. भजनं म्हणजे आंघोळी, आणि तिसरं भजन संपायच्या आत जो न्हाणीघरातून बाहेर येणार नाही त्याच्या नावानं शंख. संस्कृतातल्या बातम्या लागल्या की माझी वेणी. मला त्या बातम्यांमधलं ओ की ठो कळत नसे, पण त्या ऐकल्या की आजही माझं डोकं मागं ओढलं जातं. हिंदी बातम्यांना बाबांचं ताट. इंग्रजी बातम्यांना बाबा जेवता जेवता मान डोलवायचे. आई म्हणायची, “कळतंय का काही, की नुसतीच मान?” ते म्हणायचे, “कळत नाही असं दाखवलं तर पोरीवर काय संस्कार होतील?”

आणि मग मराठी बातम्या. त्यांच्यासाठी बटण फिरवून शॉर्ट वेव्हवर जावं लागायचं. गच्चीवर दोन बांबूंना बांधलेली तांब्याच्या जाळीची पट्टी होती, तीच एरिअल. वारा असला की आवाज लाटांवर बसून यायचा, मध्येच बुडायचा, मध्येच एकदम घरात येऊन बोलायचा. ती दहा मिनिटं आईशी कुणी बोलायचं नाही. ती पदर खोचून रेडिओपुढं उभी राहायची. मंत्री, परिषदा, करार यांच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. तिच्या जिल्ह्याचं नाव येतंय का, तिकडे पाऊस झाला का, एवढ्यासाठी ती कान लावून असायची. गल्लीत, बाजारात, नळावर दिवसभर हिंदी आणि बुंदेली. आईचं हिंदी तेव्हा अगदीच कामचलाऊ होतं. त्यामुळे त्या दहा मिनिटांत ती जी मराठी ऐकायची ती जवळजवळ प्यायची. बाबा एक बूट घालून, दुसरा हातात घेऊन ऐकत उभे. बातम्या संपल्या की कंपनीची बस चुकायची वेळ झालेली असायची आणि ते जिन्यावरून धावत सुटायचे.

बाबा गेले की सकाळची घाई उतरायची. थोडी गाणी, मग शास्त्रीय संगीत. सतार, सारंगी, कधी कुणा पंडितांचा न संपणारा आलाप. उजव्या रकान्यात त्यासमोर लिहिलेलं होतं: स्वयंपाक. आईला शास्त्रीय संगीताचं प्रेम नव्हतं, सारंगीचं तर मुळीच नाही. “रडका बाजा,” म्हणायची. पण तो चालू आहे म्हणजे अजून घाई नाही, एवढा त्याचा उपयोग. मग दुपारी महिलांचा कार्यक्रम लागायचा. त्यातल्या दीदींकडून आई हिंदी शिकली. त्यामुळे तिचं हिंदी फार दिवस पाककृतीच्या चालीवर चालायचं. भाजीवाल्याशी भांडतानासुद्धा “अब आप इसमें स्वादानुसार कम कीजिए” अशा थाटाचं काहीतरी बोलायची. तो बिचारा गोंधळून भाव उतरवायचा.

संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम. त्याला अम्मा वर यायच्या. त्यांचे भाऊ जवळच्या बरुआसागर गावी अळू आणि आलं यांची शेती करायचे. रेडिओवरचे दोन काका खताबद्दल काही बोलले की अम्मा डोळे बारीक करून ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “जे का जानें, इनने कभऊँ हल पकरो है?” म्हणजे, यांनी कधी नांगर तरी धरलाय का! मग जवानांच्या फर्माइशीची गाणी. झाशीजवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत बाबांच्या ओळखीचे एक सुभेदार होते, साताऱ्याकडचे. त्यांचं नाव एकदा तरी रेडिओवर येईल म्हणून आम्ही रोज ऐकायचो. ते कधी आलं नाही. पण न आलेल्या नावाची वाट बघण्यात संध्याकाळ छान जायची.

माझ्या लहानपणीचा दिवस असा होता. एकापुढे एक कार्यक्रम, आणि प्रत्येक कार्यक्रमाला घरातलं एकेक काम बांधलेलं. मला तेव्हा खरंच वाटायचं की दुपार होते म्हणून महिलांचा कार्यक्रम लागत नाही, तो लागतो म्हणून दुपार होते.

आता स्टेशनाबद्दल. झाशीतल्या आम्हा मराठी लोकांची एक रीत होती. दिल्लीकडे, हरिद्वारला किंवा पंजाबात नोकरीवर जाणारे नातेवाईक आमच्या गावावरून जात. गाडी इथे चांगली दहा मिनिटं थांबायची. मग पत्र यायचं: “अमुक दिवशी झाशीवरून जात आहोत. स्टेशनवर येण्याची तसदी घेऊ नये. डबा तर मुळीच आणू नये.” याचा अर्थ, या आणि डबा आणा. मग डबा फडक्यात बांधायचा, टांगा करायचा आणि दहा मिनिटांत वर्षभराचं बोलून घ्यायचं. लग्नं ठरायची, रुसवे निघायचे, कुणाचं बाळ खिडकीतून हातात घेऊन परत आत द्यायचं. कित्येक मावश्या आणि आत्या मी फक्त खिडकीच्या गजांमधून पाहिल्या आहेत. आई म्हणायची, माझं माहेर तीन नंबरच्या फलाटावर येतं.

पण तिचे वडील कधी त्या फलाटावर आले नव्हते. माझे आजोबा, आई त्यांना अण्णा म्हणायची. ते शाळामास्तर होते, निवृत्त झालेले. आईला माहेरी जाऊन चार वर्षं झाली होती. एका वर्षी मला टायफॉइड झाला, एका वर्षी बाबांना रजा मिळाली नाही, एका वर्षी दोन्ही. आई बोलून दाखवायची नाही, पण आजोबांचं पोस्टकार्ड आलं की ते आठवडाभर मिठाच्या बरणीला टेकून उभं असायचं.

मी दहा वर्षांची असताना थंडीत त्यांचं कार्ड आलं. गावातल्या मंडळींबरोबर हरिद्वारला निघाले होते. जाताना झाशीवरून, दुपारी दोनच्या गाडीनं. येताना काशीवरून दुसऱ्या मार्गानं, म्हणजे भेट होणार ती जातानाच. “तसदी घेऊ नये” हे नेहमीचं वाक्य त्यात नव्हतं. “तुला पाहावेसे वाटते,” असं सरळ लिहिलं होतं. आईनं ते कार्ड इतक्या वेळा वाचलं की कोपरे मऊ पडले.

आदल्या संध्याकाळी बाबांनी तांबडी पेन्सिल घेऊन वेळापत्रकावर बाण काढला. महिलांचा कार्यक्रम संपतो तिथून बाण बाहेर, आणि समासात सुंदर अक्षरात: “येथे निघणे.” त्यांना कंपनीतून सुटता येणार नव्हतं. “महिलांचा कार्यक्रम संपला की टांग्यात बसायचं. अर्धा तास आधी पोचाल. शिवाय आपली रेल्वे, दोन तास उशिरा येईल, फलाटावर बसून शेंगा खा.” मला शाळा बुडवायची परवानगी होती.

सकाळपासून आईचे पाय जमिनीवर नव्हते. अण्णांना सांजोऱ्या आवडतात म्हणून सांजोऱ्यांचा घाट घातला होता. गूळ घालून शिजवलेला सांजा, तो पारीत भरायचा, लाटायचा, तुपात तळायचा. वर्षातून एकदा व्हायच्या त्या आमच्याकडे, आणि मला त्या जीव की प्राण. डब्यात मोजून वीस अण्णांसाठी, उरतील त्या माझ्या, असा करार झाला होता. बाबा गेले, सारंगी लागली. “लागला रडका बाजा,” आई म्हणाली आणि खाली नळाला पाणी आलं म्हणून घागर घेऊन गेली.

मी रेडिओजवळ बसले होते. सारंगी मध्येच तुटली. थोडा वेळ काही नाही. मग एक पुरुषी आवाज, फार जड, फार सावकाश हिंदीत बोलू लागला. दिल्लीत एक मोठे नेते गेले होते. कोण ते सांगत नाही. सांगितलं की लोक सन काढणार आणि माझं वय मोजणार. आवाज म्हणाला की देश शोकात आहे आणि आजचे नेहमीचे कार्यक्रम होणार नाहीत. मग पुन्हा सारंगी सुरू झाली.

मला दोन्ही वाक्यं नीट कळली. माझं हिंदी आईपेक्षा कितीतरी चांगलं होतं. पण माझ्या डोक्यात शिरलं ते पहिलं वाक्य, आणि तेही कढईसाठी. मागच्या दिवाळीत गल्लीतले एक आजोबा वारले होते. आईनं तापलेली कढई तशीच उतरवली होती. कुणी गेलं की तळण करायचं नाही, गोडाचं तर नाहीच नाही, हा तिचा नियम. करंज्यांची कणीक तीन दिवस ओल्या फडक्यात राहिली आणि शेवटी गाईला गेली. एवढ्याशा गल्लीतला माणूस गेल्यावर असं, मग दिल्लीतला मोठा माणूस गेल्यावर काय होईल? माझ्या डोळ्यांपुढं सांजोऱ्यांचा सांजा गाईच्या तोंडात जाताना दिसला.

आई घागर घेऊन वर आली तेव्हा मी काही बोलले नाही. उलट हात लांब करून रेडिओचा आवाज कमी केला. पुन्हा तो माणूस बोलला तर तिला ऐकू जायला नको.

आईनं पंपाचा स्टोव्ह पेटवला. तो असा भणाणायचा की शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नसे. त्यावर कढई, तुपाचा वास, आणि आई माहेरचं काहीतरी गुणगुणत सांजोऱ्या सोडते आहे. तिला इतकं खुशीत मी फार कमी वेळा पाहिलं आहे. 

“काय लागलंय गं?” थोड्या वेळानं तिनं विचारलं.

“सारंगी,” मी म्हणाले.

मी खोटं बोलले नव्हते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही सारंगीच होती. तो जड आवाज मध्ये दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा मी बटण आणखी खाली आणलं. तिसऱ्यांदा आई म्हणाली, “आज दम लागत नाही वाटतं त्याला! बरं झालं बाई, सगळ्या तळून होतील.” आभाळ भरलेलं होतं, खिडकीत ऊन नव्हतं, म्हणून उन्हावरूनही अंदाज लागेना. आईनं डबा भरला, फडकं बांधलं, मला नवा फ्रॉक घातला, स्वतः ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि आम्ही दोघी जेमतेम कुजबुजणाऱ्या रेडिओपुढं बसलो. महिलांचा कार्यक्रम लागायची वाट बघत. तो लागणार नाही हे मी कानांनी ऐकलं होतं, पण ते आणि बाबांचा तांबडा बाण यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. खरंच आलं नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा विचारून झालंय.

जिन्यावर अम्मांची पावलं वाजली. त्या बाजारातून आल्या होत्या.

“काए बहू, तुम अबै लौं घरई में बैठीं? गाड़ी तो दो बजे की हती!”

आई हसून म्हणाली, “अम्माजी, अभी महिलाओं का प्रोग्राम होना है.”

“कौन प्रोग्राम? पौने दो बज गए! सबरो बजार बंद हो रओ, दिल्ली में बड़े नेता नईं रए. रेडियो पै सबेरे से जई तो बज रओ है.”

आई उभी राहिली. रेडिओकडे बघितलं, मग वेळापत्रकाकडे, मग पुन्हा रेडिओकडे. तिनं पुढं होऊन आवाज मोठा केला. घरभर सारंगी झाली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पोरीला काय कळतंय, असंच तिला वाटलं असणार.

आम्ही धावलो. गेटपाशी टांग्यांचा अड्डा मोकळा होता. दुकानांच्या फळ्या लागत होत्या. आईनं एका हातात डबा, दुसऱ्या हातात मला धरून चालायला सुरुवात केली, मग चालणं सोडून ती पळायलाच लागली. लुगड्याचा काठ चिखलात लोळत होता. बऱ्याच अंतरावर एक टांगेवाला घोडा सोडायला घरी निघालेला भेटला. “आज सवारी नहीं लेंगे, बाईजी,” तो म्हणाला. आईनं टांग्याच्या दांडीला हात घातला. “भैया, मेरे पिताजी आए हैं. दस मिनट के लिए. चार साल से नहीं देखा.” पाककृतीची चाल त्या वाक्याला नव्हती. टांगेवाल्यानं आम्हाला उचलूनच आत घेतलं.

आयुष्यात ती गाडी कधी वेळेवर आली नसेल, पण त्या दिवशी आली. आम्ही फलाटांवरच्या पुलाच्या पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा खाली डबे सरकायला लागले होते. आई कठड्याला वाकली आणि ओरडली, “अण्णा! अण्णा!” मी तिला इतक्या मोठ्यानं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. आणि मला आजोबा दिसले. एका दारात दांडी धरून उभे, पांढरं धोतर, काळी टोपी, गळ्यात मफलर. ते फलाटाच्या मुख्य दाराकडे बघत होते. जिथून लोक आत येतात तिकडे. पुलाकडे नाही. त्यांचा एक हात वर झाला आणि त्यांनी मफलर सारखा केला. मग गाडीनं वळण घेतलं.

आई कठड्याला धरून उभी होती. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर म्हणाली, “पाहिलं गं त्यांनी. हात केला ना?”

“हो,” मी म्हणाले.

“तू पण पाहिलास ना?”

“हो आई. आपल्याकडे बघून केला.”

संध्याकाळी बाबा आले, सगळं ऐकलं.  भिंतीवरची शीट त्यांनी उतरवली, नीट गुंडाळली आणि ट्रंकेत टाकली. दुसऱ्या दिवशी गजराचं घड्याळ घेऊन आले. आई त्याला रोज किल्ली द्यायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. तिचं “काय लागलंय?” चालूच राहिलं. आणि जेवताना रोज एक सांजोरी माझ्या पानात यायची.  पोट दुखतंय म्हणून मी ती परत ठेवायची. आई बाबांना म्हणाली, “पोरीचा किती जीव आहे हो अण्णांवर, गोड म्हणून उतरत नाही तिच्या घशाखाली.” ते ऐकून मी न्हाणीघरात जाऊन रडले.

पंधरा दिवसांनी आजोबांचं कार्ड आलं. “झाशीस गाडी दहा मिनिटे थांबली. सर्व वेळ दाराशी उभा होतो. दिल्लीच्या दुःखद वार्तेमुळे वाहन मिळाले नसेल. वाईट वाटून घेऊ नये. पुढे योग येईल.” आईनं कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलट केलं. “हात केल्याचं लिहायचं राहिलं वाटतं,” ती म्हणाली. पुढल्या पावसाळ्यात आजोबा गेले. तार आली आणि आई गावी पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर कुठेही, कुणाशीही अण्णांचा विषय निघाला की ती सांगायची: शेवटचे मला झाशीला दिसले. गाडी सुटली होती, पण मला बघितलं त्यांनी, हात केला.

मग क्वार्टर्स झाल्या, बाबा निवृत्त झाले, इथेच घर बांधलं, बाबा गेले. मी इथल्याच मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. पोरींना खोटं बोलू नये म्हणून किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. आईला मात्र खरं सांगायचं राहून गेलं. आधी धीर झाला नाही, नंतर आता कशाला असं वाटलं, आणि मग ते न सांगण्याचीच सवय झाली.

परवा चहा घेऊन परत आले तेव्हा नात क्लासला गेली होती. आई डोळे मिटून पडली होती. मी कॉटच्या कडेला बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगून टाकलं. नेते गेल्याचं मी ऐकलं होतं. तू तळण थांबवशील म्हणून सांगितलं नाही. रेडिओचा आवाज मीच कमी केला होता. माझ्यामुळे तुझी अण्णांशी गाठ पडली नाही. सांगताना माझा आवाज दहा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता, आणि आईला ऐकू यावं म्हणून तेच ओरडून सांगावं लागत होतं.

आईचे डोळे मिटलेलेच होते. तिला ऐकू गेलं की नाही, मला कळेना. मग तिनं माझं मनगट धरलं. पकड अजून चांगली घट्ट आहे तिची.

“सांजोऱ्यांसाठी?” ती म्हणाली.

“हो.”

“आणि मग एक खाल्ली नाहीस मेली.” तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं. मी ते पुसलं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत, घाबरल्यासारखं विचारलं, “पण हात केला होता ना गं अण्णांनी? का तेही…”

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मुख्य दाराकडे बघणारे आजोबा, मफलर, सगळं. एवढं सांगितलं होतं तर तेवढंही सांगून मोकळं व्हावं, म्हणून तर मी बसले होते.

“केला होता, आई,” मी म्हणाले. “आपल्याकडे बघून. मी पाहिला.”

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि तिनं मनगट सोडलं.

चहा निवून गेला होता. मी कप उचलून उठले तेव्हा तिनं मान वळवली. “काय लागलंय गं?”

रेडिओवर एक मुलगा गाद्यांची जाहिरात करत होता.

“महिलांचा कार्यक्रम,” मी म्हणाले. “आत्ताच सुरू झालाय.”

“मग आहे अजून वेळ,” असं म्हणून आईनं कूस बदलली.